लाईन जाते-येते आणि कॉम्प्युटर बंद पडतो: यूपीएस घेण्याआधी काय तपासायचं

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या गावांत मी चौदा वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दिवाळी झाली, गव्हा-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं, की फोन ठरलेला: "भाऊ, कम्प्युटर आपोआप बंद पडून राह्यला. यूपीएस घेऊ का जी?"

यूपीएस म्हणजे लाईन गेली की बॅटरीवर कॉम्प्युटर थोडा वेळ चालवणारा डबा. पूर्वी मी सरळ 'घ्या' म्हणायचो. लोक घ्यायचे, दोन-तीन महिने बरं चालायचं, मग पुन्हा तोच फोन. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असून वर यूपीएस घेतलेला, घरात अर्थिंग नसून महागडा स्पाइक गार्ड (व्होल्टेजची उसळी अडवणारा बोर्ड) लावलेला, असं मी किती ठिकाणी पाहिलं. हा पैसा कापसाच्या चुकाऱ्यातून निघालेला असतो. तो चुकीच्या डब्यात गेला की मला वाईट वाटतं. म्हणून आता मी आधी आठ दिवस वहीत नोंद ठेवायला सांगतो आणि मगच काय घ्यायचं ते बोलतो.

मागच्या हिवाळ्यातलं एक घर सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. काकाजींची मुलगी सीईटीच्या तयारीला लागलेली, घरात डेस्कटॉप, टेबलाखाली यूपीएस. दोन वर्षांतला हा दुसरा यूपीएस, आणि मधल्या काळात एकदा कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, तोही बदललेला. तरी संध्याकाळी कॉम्प्युटर बंद पडायचाच. मी मुलीला सांगितलं, "ताई, एका पानावर फक्त चार गोष्टी लिही. वेळ, बल्ब कसा होता, पंखा कसा होता, कॉम्प्युटरनं काय केलं."

आठ दिवसांनी तिनं पान दाखवलं. त्यातल्या नोंदी अशा होत्या: "7:10. पिवळा बल्ब डिम, पंखा हळू, यूपीएस टक-टक, मग बंद." "7:25. बाबांनी मोटर लावली, लगेच रिस्टार्ट." "रात्री 11 नंतर काहीच नाही." "सकाळी 6:05. लाईन आली, गेली, पुन्हा आली." या एका पानानं अर्धं निदान झालं.

यात पिवळा बल्ब मुद्दाम म्हटलाय. एलईडी बल्ब इथं फसवतो. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेज बरंच खाली आलं तरी उजेड तसाच ठेवतं. घर उजळलेलं दिसतं आणि सॉकेटमध्ये मात्र 165 व्होल्ट असतात. म्हणून टेबलाजवळ काही दिवस जुना तारेचा बल्ब लावा, नाहीतर पंख्याच्या आवाजाकडे कान ठेवा.

आधी हे नक्की करा की दोष लाईनचाच आहे

पंखा आणि पिवळा बल्ब जराही हलला नाही, तरी कॉम्प्युटर बंद झाला, तर यूपीएसवर एक रुपया घालू नका. मे महिन्यात दुपारी दोन-तीनच्या सुमारास, पारा 45 च्या आसपास असताना बंद पडत असेल, तर बहुधा प्रोसेसर तापतोय. कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढा. आपल्याकडे कापसाचा बारीक तंतूही त्यात असतो, तो हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. नुसत्या फुंकरीनं तो निघत नाही, ब्रश लागतो. दर वेळी तारीख-वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलाय, तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची जागा आहे. स्टार्टमध्ये नाव टाइप करा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टम उघडा. तिथं 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसेल. अनेकजण ती पाहून घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद झालं. कारण काय, ते ती सांगत नाही. लाईन गेली, एसएमपीएस खराब झाला, रॅम सैल आहे, या सगळ्यांत हीच नोंद पडते. पण तिथल्या वेळा वहीतल्या वेळांशी जुळवून पाहा. काकाजींच्या घरी त्या जुळल्या. (नोंदीवरची वेळ मशीन पुन्हा सुरू झाल्याची असते, एवढं लक्षात घ्या.)

डिम लाईन

लाईनचे आजार चार. लाईन सरळ जाणं, डिम होणं, चढणं आणि आभाळातल्या विजेचा झटका. चौघांचं औषध वेगळं. साधा घरगुती यूपीएस पहिल्यावर पूर्ण लागू पडतो, दुसऱ्यावर अर्धा, उरलेल्या दोघांवर त्याच्या भरवशावर राहू नये.

आपल्याकडे हिवाळ्यात सगळ्यात जास्त त्रास डिमचा. सॉकेटमध्ये 230 व्होल्ट हवेत. ओलिताच्या दिवसांत शेतातल्या मोटरींना ऑटो स्विच लावलेले असतात. शेतीची लाईन आली रे आली की डीपीवरच्या (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि मोटर उठताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गावठाण फीडर, म्हणजे घरांची लाईन, शेतीपासून वेगळा असेल तर घरांना याची झळ कमी लागते. जिथे घरं आणि मोटरी एकाच डीपीवर आहेत, तिथे पंखा लगेच रडायला लागतो. ऑटो स्विच काढा, मोटरीला कपॅसिटर लावा, असं महावितरण वारंवार सांगतं. ते खरोखर करण्यासारखं आहे. त्यानं कॉम्प्युटरच नाही, डीपीही वाचते.

आता एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर वाचा. तिथं 'इनपुट' म्हणून आकडे असतात. 100 ते 240 असेल तर डिम लाईनचा त्याला फारसा त्रास नाही. बहुतेक लॅपटॉपच्या ॲडॅप्टरवर हेच लिहिलेलं असतं. 200 ते 240 लिहिलं असेल तर 170 च्या खाली तो कधीही हात टेकतो. स्वस्त डेस्कटॉपमध्ये हाच दुसरा प्रकार जास्त सापडतो. यूपीएस घेण्याऐवजी रुंद इनपुटचा चांगला एसएमपीएस टाकून प्रश्न संपल्याची घरं मी पाहिली आहेत.

काकाजींकडे मी मल्टिमीटर लावला. चार-पाचशे रुपयांच्या आत साधा मल्टिमीटर मिळतो. एसीच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवायचा, हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी, दोन्ही दांड्या प्लास्टिकलाच धरायच्या. ज्याला याची सवय नाही त्यानं वायरमनकडून करून घ्यावं, यात लाज नाही. संध्याकाळी सातला मीटरजवळ 196 होते. कॉम्प्युटरच्या सॉकेटला इस्त्री लावून पुन्हा पाहिलं, तर तिथं 182. मीटर आणि सॉकेटच्या मध्ये 14 व्होल्ट खाल्ले जात होते. लाईन डिम होतीच, त्यात घरानं आणखी ओढली.

मेन बंद करून किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा जुना फ्यूज) बाहेर ओढला. आतला एक पितळी जबडा निळसर-काळा पडलेला, चिनीमातीवर तपकिरी डाग, आणि ॲल्युमिनियमच्या तारेचं टोक स्क्रूखाली अर्धं वितळून पुन्हा थिजलेलं. बोटानं हलवलं तर तार हलत होती. अर्धा एचपीची पाण्याची मोटर उठली की या सैल जागेत एकदम बरेच व्होल्ट खाल्ले जायचे आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट. मुलीची 7:25 ची नोंद हीच. काकाजींना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हे त आग लागाचं काम होतं ना बाप्पा." होतंच. वायरमननं किटकॅट काढून एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकला, तारेचं टोक कापून नवं केलं. त्या एका तासाच्या कामानं मोटर लावली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होणं थांबलं.

म्हणून ही चाचणी सगळ्यांनी करावी: मीटरजवळचं व्होल्टेज आणि इस्त्री चालू असताना सॉकेटवरचं व्होल्टेज. पाच-सहा व्होल्टच्या आत फरक असेल तर ठीक. जास्त असेल तर आधी वायरिंग. मीटरच्या पलीकडचं, म्हणजे खांबावरच्या जोडणीचं आणि सर्व्हिस वायरचं काम मात्र स्वतः करू नका. त्यासाठी लाइनमनच पाहिजे, 1912 वर तक्रार नोंदवता येते.

घरातलं सगळं नीट आहे आणि तरी रोज संध्याकाळी 170-180 च दिसतं, तर लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस पाहा. त्यात व्होल्टेज वर उचलणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला एव्हीआर म्हणतात. इनपुट रेंज खोक्यावर वाचा, 140 च्या आसपासपासून सुरू होणारी घ्या. त्याहून खाली लाईन गेली की यूपीएस बॅटरीवर जातो, दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी संपते आणि मग ती भरायला लाईनच नसते. असं रोज झालं की नवी बॅटरी वर्षभरात मरते. काकाजींचा पहिला यूपीएस असाच गेला होता. व्होल्टेज 140 च्याही खाली जाणाऱ्या गावात यूपीएसच्या आधी रुंद रेंजचा स्टॅबिलायझर लागतो, आणि खरं तर डीपीवरचा भार कमी करून मागण्याची लेखी तक्रार लागते. पाच-दहा घरांनी मिळून, तारीख-वेळेसह मोजलेले आकडे लिहून दिले तर ती तक्रार वजनदार होते.

लाईन चढते तेव्हा

डिम लाईन काम थांबवते, चढलेली लाईन वस्तू जाळते. हे मी माझ्या घरी पाहिलंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. मी टेबलाशी बसलो होतो. वरचा पंखा एकदम घोंगावायला लागला, बल्ब पांढरा झाला, फटकन गेला. मी मेन स्विचकडे धावलो, पण तोवर मागं 'ठप्प' असा आवाज झाला आणि जळलेल्या बेकेलाइटचा वास आला. स्पाइक गार्डची एक बाजू फुगून फाटली होती, आणि एसएमपीएसच्या जाळीतून धूर येत होता. गल्लीत कोणाचा टीव्ही गेला, कोणाचे चार्जर. आमच्यापासून चार घरं पुढे मात्र उलटं, त्यांचे बल्ब निखाऱ्यासारखे लाल मंद झाले होते. लाइनमन आला तेव्हा कळलं, डीपीवरचा न्यूट्रलचा झंपर (जोडणीचा तारेचा तुकडा) तुटला होता.

हे का होतं ते समजून घ्या, कारण गावात हा प्रकार शहरापेक्षा जास्त घडतो. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. प्रत्येक घर एका फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतं, म्हणून 230 मिळतात. दोन फेजच्या मध्ये मात्र 400 च्या वर असतात. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या मागे माळेसारखी जोडली जातात आणि ते 400 व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. वाटणी सारखी होत नाही. ज्या फेजवर भार जास्त तिथं डिम, ज्या फेजवर भार कमी तिथं 300, 350. दुपारी आमच्या फेजवरची माणसं शेतात होती, घरं रिकामी, भार कमी. झटका आम्हाला बसला.

स्पाइक गार्ड इथं का वाचवू शकला नाही? मी तो उघडला. आत तीन पितळी पट्ट्या, एक निऑन दिवा, एक फ्यूज आणि दोन रुपयांच्या नाण्याएवढी, जळून दोन तुकडे झालेली निळी चकती. ही चकती म्हणजे एमओव्ही. साध्या व्होल्टेजला ती गप्प असते, व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर उसळलं की क्षणभर वाट मोकळी करते आणि उसळी स्वतःवर घेते. हे काम सेकंदाच्या लाखाव्या भागातल्या झटक्यासाठी आहे. 350 व्होल्ट मिनिटभर राहिले तर ती तापते, जळते आणि तिच्यामागची वस्तू उघडी पडते. नंतर बाजारातले आणखी काही स्पाइक गार्ड मी उघडून पाहिले. काहींत ती चकतीसुद्धा नव्हती, फक्त लाल दिवा आणि स्विच. खोक्यावर जूलचा (किती उसळी झेलतो त्याचा) आकडा नसेल तर तो एक्स्टेन्शन बोर्ड समजून घ्या.

चढलेल्या लाईनवरचं औषध वेगळंच आहे आणि स्वस्त आहे. मीटरनंतरच्या डब्यात एमसीबीच्या शेजारी बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. समोर आकडा दाखवतो. वरची मर्यादा 265 च्या आसपास आणि खालची 170-180 ठेवली की त्याबाहेर गेलेली लाईन तो तोडतो. लाईन परत आली की लगेच जोडत नाही, तुम्ही लावाल तेवढा वेळ थांबतो. मी दोन-तीन मिनिटं ठेवतो. लाईन येते-जाते-येते असा सकाळचा जो खेळ चालतो, तो या थांबण्यात निघून जातो. फ्रीजलाही याचा फायदा होतो. पोळ्याच्या त्या दिवसानंतर मी पहिलं हेच बसवलं, आणि कोणी मला एकच वस्तू विचारली तर यूपीएसच्या आधी मी याचं नाव घेतो. घराच्या भाराला पुरेल एवढ्या अँपिअरचा घ्या आणि वायरमनकडूनच बसवा.

अर्थिंग

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? अनवाणी पायानं जास्त? टेस्टर लावला की मंद पेटतो? मग तुमच्या घरात अर्थिंग नाही, किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे साधारण 115 व्होल्टवर. करंट फार थोडा असतो, पण चालू मशीनमध्ये पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरची वायर खुपसताना त्यानंच पोर्ट मरतात. शिवाय चांगल्या स्पाइक गार्डमध्ये अशा तीन चकत्या असतात, त्यातल्या दोन झटका अर्थमध्येच सोडतात. जमिनीकडे वाटच नसेल तर सोडणार कुठे?

जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नसते. मल्टिमीटरनं पाहा: फेज-न्यूट्रल 230 असेल तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ 90 किंवा 130 असं काही डगमगत दिसलं तर अर्थ तुटका आहे. बल्ब लावून अर्थ तपासायची वायरमनची पद्धत पक्की आहे, पण अर्थ तुटका असताना त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फेज येऊ शकतो. तेव्हा बाकी प्लग काढून, माहितगारानंच ती करावी.

आपल्या काळ्या मातीची एक अडचण आहे. पावसात ती चिखल होऊन तार छान धरते, आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपाभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. नेमकं तेव्हाच अवकाळीच्या विजा सुरू होतात. म्हणून अडीच मीटर खोल जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर झाकण असलेला छोटा हौद, आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी. रांजणाजवळ किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खड्डा घेतला तर पाण्याची आठवणही ठेवावी लागत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही वायरमन खड्डा टाळण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेला तारेचा तुकडा जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, घरचे खूश होतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला किंवा खांबावर फेज-न्यूट्रल उलटे झाले, तर पूर्ण 230 व्होल्ट कॅबिनेटवर, फ्रीजवर, कूलरच्या पत्र्यावर येतात. ओल्या फरशीवर उभं लेकरू कूलरला हात लावतं. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून टाका.

आभाळातली वीज

अवकाळीचा पाऊस, मृगाच्या आधीचे ढग आणि परतीचा पाऊस हे तीन काळ आपल्याकडे जपायचे. वीज घरावर किंवा घरच्या तारेवर पडली तर कुठलाही स्पाइक गार्ड, कुठलाही यूपीएस टिकत नाही. बऱ्याचदा मात्र ती दूर पडते आणि तारांमधून झटका येतो. डब्यात बसवलेला सर्ज प्रोटेक्टर (क्षणाचा झटका जमिनीत सोडणारा, व्होल्टेज प्रोटेक्टरपेक्षा वेगळा) आणि चांगलं अर्थिंग अशा झटक्यांना पुष्कळ अडवतात. तरी प्लग काढण्याला तोड नाही. नुसता स्विच बंद करून भागत नाही, त्याच्या आतली फट काही मिलिमीटरची, आणि हजारो व्होल्टला ती सहज ओलांडता येते.

प्लगसोबत राउटरची लॅन वायर, जुनी टेलिफोनची तार आणि डिशची केबलही काढा. वीज फक्त लाईटच्या तारेतून येते असं नाही. माझ्याकडे आलेल्या एका मशीनमध्ये एसएमपीएस ठणठणीत होता, जळालं होतं ते लॅनचं पोर्ट. हे सगळं ढग जमायला लागल्यावर करा, डोक्यावर कडाडत असताना तारेला हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं. शेतात असणाऱ्यासाठी तर ते कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

मग यूपीएस कोणाला

लॅपटॉप असेल आणि बॅटरी अर्धा तास टिकत असेल तर यूपीएस नको. व्होल्टेज प्रोटेक्टर, अर्थिंग आणि जूल लिहिलेला स्पाइक गार्ड एवढं पुरे. फॉर्म भरताना इंटरनेट तुटू नये म्हणून राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या, तो दोन-तीन तास सहज काढतो. मेलेल्या बॅटरीच्या जुन्या लॅपटॉपला यूपीएस घेण्यापेक्षा नवी बॅटरी बरी.

डेस्कटॉप असेल आणि त्यावर कोणाचा अभ्यास, हिशेब, ऑनलाइन परीक्षा, पीक विम्याचे अर्ज चालत असतील, तर यूपीएस हवाच. चालू अपडेटमध्ये किंवा फाइल लिहिताना लाईन गेली तर विंडोज बिघडू शकतं, हार्ड डिस्कही. फक्त गाणी आणि पिक्चर पाहायला असेल तर थांबता येईल.

600 व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात बहुतेकदा 360 वॉट लिहिलेलं असतं. खरा आकडा तो. घरगुती डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साधारण 100-150 वॉट घेतात, म्हणजे तो पुरतो. आतली बॅटरी 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची असते, ती नवी असताना पंधरा-वीस मिनिटं देते. हा वेळ काम सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी आहे. लेझर प्रिंटर त्याच्यावर कधीही जोडू नका, गरम होताना तो एकदम मोठा करंट ओढतो.

तीन-चार तासांचं भारनियमन हा तुमचा मूळ त्रास असेल तर यूपीएसनं तो सुटत नाही. तिथे इन्व्हर्टर. 150 अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर कॉम्प्युटर, एक पंखा आणि दोन बल्ब चार तासांच्या आसपास निघतात. साइन वेव्हचाच (लाईनसारखीच सुरळीत वीज देणारा) घ्या, आणि मागचं बटण 'यूपीएस मोड'वर ठेवा. लाईन गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या जोरावर फार तर 15-20 मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा होतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. 'इन्व्हर्टर असूनही बंद पडते' या तक्रारीत मी पहिलं ते बटण पाहतो. मात्र यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर डिम लाईन चालवून घेत नाही, साधारण 180 च्या खाली बॅटरीवर जातो. रोज डिम असणाऱ्या गावात त्यामुळे बॅटरी लवकर थकते, तिथे इन्व्हर्टर साध्या मोडवर आणि कॉम्प्युटरला त्याच्या पुढे छोटा यूपीएस ही जोडी मला जास्त पटते. छतावर महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, बॅटरी नसेल तर लाईन गेली की तेही सुरक्षेसाठी बंद होतं.

यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात मरते. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, आणि टिनाच्या खाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या यूपीएसला आपल्याकडे मे काढणं कठीण. आतल्या खोलीत, जमिनीजवळ, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. दर महिन्याला एकदा, काही महत्त्वाचं उघडं नसताना, यूपीएसचा प्लग काढून किती मिनिटं निघतात ते मोजा. पाचच्या खाली आली की बॅटरी बदला, पूर्ण यूपीएस फेकायची गरज नसते.

काकाजींकडे शेवटी काय केलं ते सांगतो. किटकॅट गेला, व्होल्टेज प्रोटेक्टर आला, न्हाणीमागे अर्थिंगचा खड्डा झाला. एसएमपीएस 200-240 चा होता, तो 100-240 चा टाकला. नवा यूपीएस घेतला नाही. जुन्यालाच नवी बॅटरी बसवली. मुलीनं तिच्यावर काळ्या मार्करनं तारीख लिहिली, आणि वहीच्या त्याच पानाच्या मागे दर एक तारखेची मिनिटं लिहायला सुरुवात केली. पहिली नोंद 19 मिनिटांची आहे.